एकाआड एक

घरोघरी चकल्यांचे घाणे उतरत असताना आणि दारात रांगोळी भरली जात असताना प्लेगचे नाव काढणे वडीलधाऱ्यांना रुचणार नाही, हे मी जाणून आहे. परंतु मला जी हकीकत सांगावयाची आहे, ती मुंबई शहर ज्या दिवसांत शिकले ते दिवस प्लेगचे होते, त्याला माझा नाइलाज आहे. शिवाय हकीकत मरणाची असली तरी तिचा शेवट अगदीच काळोखात होत नाही. म्हणून दिवाळीच्या अंकात ती सांगण्याचे धाडस करतो.

विषय दिसावयास साधा आहे. दोन गोष्टींपैकी चांगली कोणती हे ठरवावयाचे असेल, तर काही माणसांना एक द्यावी, काहींना दुसरी द्यावी आणि फरक पाहावा. हा उद्योग आज आपल्या नकळत रोज चालतो. दादरचा एखादा साड्यांचा व्यापारी आपले दुकान हल्ली मोबाइलच्या पडद्यावरही मांडतो. त्याचा शिकलेला मुलगा म्हणतो, "बाबा, आपण दोन पाने करू. येणाऱ्या निम्म्या लोकांना पैठणी वर असलेले पान दाखवू आणि निम्म्यांना इरकल वर असलेले. ज्या पानावरून जास्त साड्या जातील ते ठेवू." बाप म्हणतो, "ठीक आहे." महिन्याने हिशेब होतो आणि एक पान जिंकते. परंतु हिशेबाच्या आधी विचारावयाचा प्रश्न तसाच राहून जातो. ती निम्मी माणसे कोण होती? पैठणीचे पान पाहणारी बहुतेक माणसे वर्षानुवर्षांची ठरलेली गिऱ्हाइके असली आणि इरकलीचे पान पाहणारी वाट चुकून डोकावलेली असली, तर जिंकले कोण, पान की गिऱ्हाईक?

व्यापाऱ्याची वाटणी चुकली तर त्याच्या चार साड्या कमी खपतील. सव्वाशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न भायखळ्याच्या तुरुंगात उभा राहिला, तेव्हा वाटणीच्या एका बाजूला जगणे होते आणि दुसऱ्या बाजूला मरण.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी काही रोगी पाहिले. कडकडीत ताप, जांघेत वा काखेत गाठ, आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. हा प्लेग आहे, असे त्यांनी निःशंकपणे सांगितले. मराठी वर्तमानपत्रांनी त्याला 'ग्रंथिक सन्निपात' असे भारदस्त नाव दिले. चाळींतून तो 'गाठीचा ताप'च राहिला. आमच्या आजीच्या तोंडी मात्र यांपैकी कोणतेच नाव नसे. ती नुसते "उंदीर पडला" म्हणे. घरात उंदीर मरून पडला की दिवा न लावता घर सोडावयाचे, एवढा अर्थ त्या दोन शब्दांत भरलेला असे. गिरगावातल्या वाड्या, परळ-लालबागच्या चाळी, मांडवीची गुदामे, सारे शहर त्या दोन शब्दांनी रिकामे होत होते. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ भरली होती. १९०१ साली ती ७,७६,००६ भरली. गिरण्या वाढत असलेल्या शहराची वस्ती दहा वर्षांत घटावी, यावरून काय ते समजावे.

सरकारने घरे झडतली, माणसे इस्पितळात नेली, सामान जाळले. रोगाइतकीच लोकांना या उपायांची धास्ती वाटू लागली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणीकामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली. आज तेथे कस्तुरबा रुग्णालय आहे. पुढे २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली, ती कथा प्रत्येक मराठी घराला पाठ आहे. सांगावयाचे ते एवढेच, की अशा अविश्वासाच्या हवेत कोणी परका मनुष्य हातात सुई घेऊन आला, तर त्याच्यावर विश्वास ठेवण्यास लोकांपाशी काहीच कारण नव्हते.

असा एक मनुष्य ७ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत आला. वाल्डेमार हाफकिन हे त्याचे नाव. १८६० साली ओडेसात जन्मलेला हा ज्यू शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत शिकून, पटकीची लस घेऊन १८९३ मध्ये हिंदुस्थानात आला होता. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला थोडीशी जागा मिळाली व तेथे तो प्लेगच्या लसीच्या मागे लागला. रोगाचे जंतू तो मांसाच्या रसावर वाढवी. त्यासाठी मांस बोकडाचे घेई, म्हणजे हिंदूंना गाईचा व मुसलमानांना डुकराचा संशय नको. रसावर तुपाचा थर सोडला की त्याखाली जंतू झुंबराच्या लोलकांसारखे लोंबत वाढत. मग ते उष्णतेने मारावयाचे आणि तेच मेलेले जंतू टोचावयाचे. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने आधी स्वतःला टोचून घेतले, तेही १० घन सेंटिमीटर एवढी मोठी मात्रा. ताप आला, वेदना झाल्या, आणि तो बरा झाला.

यावरून लस माणसाला मारीत नाही हे ठरले. ती माणसाला वाचविते हे ठरविण्यास एका माणसाचा उपयोग नव्हता. त्याला माणसांचे दोन गट पाहिजे होते.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तुरुंग ही जागा अशा कसोटीला मोठी सोयीची. सर्वांचे अन्न एक, काम एक, झोपण्याची वेळ एक. कोणी गावी पळून जात नाही आणि कोणाची गणती चुकत नाही. ३० जानेवारी १८९७ रोजी, जे आपखुशीने पुढे आले अशा सुमारे दीडशे कैद्यांना हाफकिनने टोचले; सुमारे पावणेदोनशे तसेच राहिले. त्या दिवशीच ज्यांच्या अंगात रोगाने घर केले होते त्यांची गणना वेगळी ठेवली. पुढे साथ आटोपेपर्यंत न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व त्यांतले ६ मेले. टोचलेल्यांपैकी २ जणांना झाला व दोघेही बरे झाले.

हे आकडे वाचले की टाळी वाजवावीशी वाटते. परंतु मी वर 'आपखुशीने' हा शब्द लिहिला आहे, तेथे वाचकांनी क्षणभर थांबावे. कैद्यांची वाटणी हाफकिनने केली नव्हती, कैद्यांनी स्वतःच केली होती. पुढे आलेले कैदी कोण असतील? कदाचित अधिक धडधाकट, अधिक धीराचे, प्रकृतीला जपणारे. मागे राहिलेले कदाचित आधीच खचलेले. तसे असले तर त्यांच्या जगण्यामरण्यातला फरक थोडा सुईचा आणि थोडा स्वभावाचा. किती कोणाचा, हे आकडा सांगत नाही.

ही शंका किती खोल जाऊ शकते हे दाखविण्यासाठी एक कल्पित हिशेब मांडतो. गणिताला भिणाऱ्यांनी भिऊ नये. किराणा मालाच्या यादीहून तो कठीण नाही.

समजा, गिरगावात एक हवेशीर वाडी आहे आणि लालबागला एक कोंदट चाळ. दोन्हीकडे शंभर शंभर माणसे. लस अगदी कुचकामाची आहे, नुसते पाणी, असेही समजा. वाडीत रोग कमी, शंभरांत पाच मरतात. चाळीत रोग फार, शंभरांत वीस मरतात. आता वाडीतल्या शिकल्यासवरल्या मंडळींपैकी ८० जणांनी टोचून घेतले, तर त्यांतले ४ मरतील. राहिलेल्या २० पैकी १. चाळीत केवळ २० जणांनी टोचून घेतले, त्यांतले ४ मरतील. राहिलेल्या ८० पैकी १६. वाडीत पाहिले तर टोचलेल्यांत शेकडा ५ आणि न टोचलेल्यांतही शेकडा ५. चाळीत पाहिले तर दोन्हीकडे शेकडा २०. लसीचा गुण शून्य! आता दोन्ही जागांची बेरीज करा. टोचलेले एकंदर १००, मेले ८. न टोचलेले एकंदर १००, मेले १७. बेरीज छातीठोकपणे सांगते, की लसीने निम्म्याहून अधिक माणसे वाचविली.

एकही आकडा खोटा नाही, एकही बेरीज चुकलेली नाही, आणि निष्कर्ष मात्र साफ खोटा. कारण बेरजेने वाडीची हवा आणि सुईचे पाणी एकाच भांड्यात ओतले. १९०३ मध्ये विलायतेतल्या जॉर्ज उडनी यूल या संख्याशास्त्रज्ञाने ही गोम नीट मांडून दाखविली. परंतु तिचा धोका मुंबईच्या प्लेगच्या तक्त्यांवर त्याच्या आधीपासून घोंगावत होता.

खोजा समाजाचेच पाहा. तरुण आगाखानांनी लोकांची भीती मोडण्यासाठी स्वतःला चारचौघांदेखत टोचून घेतले, आपली खुश्रू लॉज ही इमारत हाफकिनला कामासाठी दिली, आणि त्यांच्या जमातीतले लोक मोठ्या संख्येने पुढे झाले. आता या टोचलेल्या खोजांची तुलना साऱ्या मुंबईशी केली तर ती वर सांगितल्या वाडी-चाळीसारखीच होईल. त्यांची राहणी वेगळी, वस्ती वेगळी. तीच तुलना त्याच जमातीतल्या न टोचलेल्या खोजांशी केली, तर निदान वस्ती आणि राहणी यांचा कप्पा एक राहतो. हाफकिनला हे कळत होते, म्हणून एका समाजाचे आकडे त्याच समाजाच्या आकड्यांशी ताडून पाहण्यावर त्याचा भर असे.

दमणचे उदाहरण याहून उद्बोधक आहे. पोर्तुगीज अमलाखालच्या दमणमध्ये १८९७ च्या वसंतात साथ भयंकर होती. तेथे २,१९७ लोकांनी टोचून घेतले, त्यांतले ३६ मेले. ६,०३३ लोकांनी घेतले नाही, त्यांतले १,४८२ मेले. एकीकडे शंभरांत दोनही नाहीत, दुसरीकडे जवळजवळ पंचवीस. एवढा फरक केवळ स्वभावाने पडेल असे कोणी म्हणणार नाही. तरीही या आकड्यांत एक खाच आहेच. टोचणे एका दिवशी झाले नव्हते, ते आठवडेच्या आठवडे चालले होते. जो मनुष्य मे महिन्यात टोचून घ्यावयास आला, तो एप्रिलमध्ये मेला नव्हता म्हणूनच आला. एप्रिलमध्ये जो मेला त्याची गणती आपोआप न टोचलेल्यांत पडली. तेव्हा काळाचेही कप्पे पाडावे लागतात, अन्यथा जगलेले सारे एका बाजूला सरकत जातात.

हे सारे आक्षेप कागदावर मांडणे सोपे. त्यांना उत्तर देण्यासाठी काय करावे? १ जानेवारी १८९८ रोजी डोंगरीजवळच्या उमरखाडीच्या तुरुंगात त्याचे उत्तर दिले गेले, आणि ते इतके साधे आहे की शाळेतल्या पोरालाही सुचावे. कैद्यांना रांगांनी बसविले आणि एकाआड एक टोचले. याला सुई, शेजारच्याला नाही. त्याच्या पलीकडच्याला सुई, त्याच्या शेजाऱ्याला नाही. धीट आणि भित्रे, सशक्त आणि रोगट, जुने आणि नवे, सगळे दोन्ही बाजूंना सारखेच विखुरले गेले. निवड माणसाच्या हातातून काढून घेऊन रांगेच्या हाती दिली गेली. पुढल्या हिशेबात टोचलेले १४७ आणि न टोचलेले १२७ धरले आहेत. न टोचलेल्यांत १० जणांना प्लेग झाला व ६ मेले. टोचलेल्यांत ३ जणांना झाला व कोणीही मेला नाही.

हे आकडे भायखळ्याच्या आकड्यांसारखेच दिसतात, पण त्यांचे वजन वेगळे आहे. भायखळ्याच्या आकड्याला 'परंतु' विचारता येते. उमरखाडीच्या आकड्याला ते विचारणे फार कठीण जाते.

त्यानंतर महिना-दीड महिन्याने हाफकिनने आणखी एक पाऊल टाकले. सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानात उंधेरा नावाचे गाव होते. तेथे प्लेग आला होता. गाव म्हणजे तुरुंग नव्हे. तेथे पाटलाचा वाडा आणि खालच्या आळीतली झोपडी यांत जमीन-अस्मानाचे अंतर. नुसते एकाआड एक करून भागेल का? त्याने घर हा कप्पा धरला. फेब्रुवारी १८९८ मध्ये प्रत्येक कुटुंबातली साधारण निम्मी माणसे टोचली आणि निम्मी तशीच ठेवली. एकच छप्पर, एकच चूल, तेच उंदीर, तीच हवा. ५१३ माणसे टोचली गेली, ४३७ राहिली. प्लेग एकंदर २८ घरांत शिरला. त्या घरांत टोचलेली माणसे ७१ होती. त्यांत ८ जणांना रोग झाला व ३ मेली. न टोचलेली ६४ होती. त्यांत २७ जणांना रोग झाला व २६ मेली.

वाडी आणि चाळ यांची भेसळ येथे शक्यच नव्हती. ज्या गोष्टीने हिशेब बिघडेल अशी भीती होती, तिचेच कप्पे आधी पाडले आणि प्रत्येक कप्प्याच्या आत वाटणी केली. पुढे शेतीशास्त्रातही हाच मार्ग रूढ झाला. शेताचे एक टोक पाणथळ आणि दुसरे मुरमाड असेल, तर एक बियाणे इकडे आणि दुसरे तिकडे पेरून काय कळणार? म्हणून शेताचे पट्टे पाडावे आणि प्रत्येक पट्ट्यात दोन्ही बियाणी पेरावी. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी कप्पे पाडून नमुना कसा निवडावा या शास्त्रात जगभर नाव मिळविले, वि. गो. पानसे यांच्यासह त्यांनी लिहिलेला शेतीसंशोधकांसाठीचा संख्याशास्त्राचा ग्रंथ १९५४ साली निघाला आणि त्यावर हिंदुस्थानातल्या शेतीशास्त्रज्ञांच्या पिढ्या वाढल्या.

आता मला मघापासून टोचत असलेल्या एका गोष्टीकडे वळले पाहिजे. उंधेऱ्यातल्या त्या ६४ माणसांचे काय? एका आईला टोचले आणि तिच्या मुलाला नाही, किंवा मुलाला टोचले आणि आईला नाही, असे त्या घरांत झालेच असले पाहिजे. २६ माणसे मेली, ती ज्या बाजूला पडली ती बाजू गणिताच्या सोयीने आखलेली होती. उमरखाडीतल्या कैद्यांना तर 'नको' म्हणण्याची मोकळीक कितपत होती, हा प्रश्न आजच्या वाचकाला पडल्यावाचून राहणार नाही. आज कोणतीही लस माणसांवर पारखावयाची तर लेखी संमती लागते, नीतिसमिती बसते, आणि गुण स्पष्ट दिसू लागला तर प्रयोग मध्येच थांबवावा लागतो. तेव्हा यांपैकी काही नव्हते.

हाफकिनची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. त्या दिवशी लस वाचविते की नाही हे खरोखरच कोणाला ठाऊक नव्हते. ती उलट रोग आणते असे म्हणणारेही पुष्कळ होते. ते ठाऊक करून घेण्याचा दुसरा मार्ग नव्हता, आणि ठाऊक झाल्यावाचून लक्षावधी लोकांनी हात पुढे केले नसते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. माझ्या मनाला त्यांची वजाबाकी करता येत नाही, म्हणून मी त्या शेजारी शेजारी ठेवतो.

हाफकिनच्या स्वतःच्या आयुष्यातही पुढे अशीच एक घटना घडली, की जेथे कप्पे पाडून पाहिले तरच न्याय होणार होता. १८९९ च्या ऑगस्टात त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. १८८२ मध्ये गव्हर्नरसाहेबांच्या पत्नी लेडी फर्ग्युसन तेथे पटकीने वारल्या, आणि पुढे गव्हर्नरांचा मुक्काम मलबार पॉइंटला हलला. तीच ही वास्तू. तेथून लसीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ लोकांना टोचले गेले आणि त्यांतले १९ धनुर्वाताने मेले. एवढेच ऐकले तर कोणीही म्हणेल, की लस विषारी. सरकारनेही दोषाचे बोट परळच्या प्रयोगशाळेकडे वळविले. हाफकिनची जागा गेली.

परंतु त्या दिवशी पाच बाटल्या उघडल्या होत्या. १०७ माणसांची बाटलीवार वाटणी केली की दिसते, की मेलेली १९ माणसे एकाच बाटलीतली. बाकीच्या चार बाटल्यांनी कोणालाही धनुर्वात झाला नाही. म्हणजे दोष लसीच्या जातीचा नव्हता, एका बाटलीचा होता. ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीवर न तापविता नुसता औषधी पाण्यातून काढून वापरला गेला, ही हकीकत चौकशीत पुढे आली. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मधून हाफकिनची बाजू लढविली आणि १९०७ मध्ये त्याच्यावरचा कलंक धुतला गेला. मध्ये पाच वर्षे गेली. १९ भागिले १०७ या एका अपूर्णांकाने एका मनुष्याला पाच वर्षे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते.

प्लेगच्या तक्त्यांवरही वाद कमी झाले नाहीत. प्राध्यापक फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली १८९८ मध्ये नेमलेल्या प्लेग कमिशनने लसीचा गुण मान्य केला, परंतु पुष्कळ आकड्यांतले दोषही दाखविले. त्या कमिशनचे एक सभासद आल्मरॉथ राइट यांनी पुढे विषमज्वराच्या लसीचे लष्करातले आकडे मांडले, तेव्हा १९०४ मध्ये कार्ल पियर्सन यांनी त्यांनाही तोच प्रश्न विचारला: पलटणी-पलटणींतले आकडे एकमेकांशी का जुळत नाहीत, आणि टोचून घेणारे शिपाई मुळात अधिक जपून राहणारे नव्हते कशावरून? त्यांनी सुचविलेला उपाय असा, की जे आपखुशीने पुढे येतील त्यांची सर्वांची नोंद करावी आणि त्यांतल्या प्रत्येक दुसऱ्यालाच टोचावे. इच्छुकांची तुलना इच्छुकांशीच व्हावी! उमरखाडीच्या रांगेचीच ही वाढलेली बहीण. पुढे एकाआड एकच्या जागी चिठ्ठ्या आल्या, कारण रांगेत पुढचा क्रम कोणाचा हे टोचणाऱ्याला दिसते आणि त्याचा हात नकळत वळू शकतो. आजच्या काळात ती चिठ्ठी यंत्र काढते.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की मग जितके कप्पे पाडावे तितके बरे. थांबा. या औषधाचीही मात्रा आहे. दादरच्या त्या व्यापाऱ्याच्या मुलाने आधी कसोटी घेतली आणि फरक काहीच दिसला नाही असे समजा. आता तो निराश होऊन आकडे चाळू लागतो. बायका निराळ्या, पुरुष निराळे, मोबाइलवाले निराळे, संगणकवाले निराळे, ठाण्याचे, डोंबिवलीचे, पुण्याचे, सोमवारचे, शुक्रवारचे. असे वीस कप्पे पाडले की केवळ योगायोगाने एखादा कप्पा चमकावयाचाच. मग तो ओरडतो, "बाबा, डोंबिवलीच्या बायकांना शुक्रवारी इरकलच आवडते!" आणि बाप पुढल्या शुक्रवारी इरकलींचा ढीग मागवितो. वीस वेळा नाणी उधळली तर एखादी मूठ एकाच बाजूने पडते. त्यात नाण्याचा गुण काही नसतो. शिवाय कप्पा जितका बारीक, तितकी त्यातली माणसे थोडी, आणि माणसे थोडी तितका आकडा लहरी.

हाफकिनने घर हा कप्पा साथ ओसरल्यावर शोधून काढला नाही. टोचण्यापूर्वीच गावाची घरवार वाटणी झाली होती. मुलकोवालला बाटली हा कप्पा मागाहून पाहिला गेला हे खरे, परंतु तेथे त्याला सबळ कारण होते. लस बाटलीतूनच अंगात गेली होती. कप्पा आधी ठरवावा, त्याला काही कारण असावे, आणि त्यात पुरेशी माणसे असावी. मागाहून एखादा कप्पा चमकला तर त्याला उत्तर समजू नये. नवा प्रश्न समजावा आणि पुन्हा नव्याने कसोटी घ्यावी. मुलाने आधीच नवे गिऱ्हाईक आणि जुने गिऱ्हाईक असे दोन कप्पे पाडून, प्रत्येकाच्या आत चिठ्ठीने दोन्ही पाने वाटली असती, तर त्याला अधिक खरे कळले असते. जुन्या गिऱ्हाइकांना एक पान भावते आणि नव्यांना दुसरे, असेही कदाचित निघाले असते. तेव्हा सगळ्यांच्या सरासरीने दोघांनाही फसविले असते.

प्लेग ओसरला. त्याच्या धास्तीने १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रुव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याचे रुंद रस्ते आखले, हवेशीर वसाहती उभ्या केल्या. आज हिंदू कॉलनीत वा पारशी कॉलनीत ज्या झाडांखालून आपण फिरतो ती त्या आखणीची देणगी आहे. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिनचे नाव दिले गेले. ज्या मनुष्याला सरकारने दोषी धरले होते, त्याचे नाव सरकारी संस्थेच्या दारावर लागले. तो १९३० मध्ये लोझानला वारला, तेव्हा ते त्याला ठाऊक होते, एवढे तरी समाधान.

उमरखाडीच्या त्या रांगेतला टोचला न गेलेला कैदी कोण होता, कोकणचा की घाटावरचा, कोणत्या गुन्ह्यासाठी आत आला होता, हे तक्ता सांगत नाही. तेथे तो १२७ या आकड्यात बसलेला आहे. सुई त्याच्या शेजाऱ्याला मिळाली. परंतु पुढे आपल्या घरातल्या लहान मुलांना जी जी लस टोचली गेली, तिच्या मागे दोन रांगा उभ्या होत्या, आणि दुसऱ्या रांगेतल्या माणसांवाचून पहिल्या रांगेचा आकडा कोणाला वाचताच आला नसता. पाडव्याला घरची मंडळी एकत्र बसतील तेव्हा नातवंडांना हाफकिनची गोष्ट अवश्य सांगावी. ती सांगताना उंधेऱ्याच्या त्या २८ घरांतली ६४ माणसेही सांगावी.